जरबेराची मान का पडते? मावळातल्या एका पॉलिहाऊसचं प्रकरण

श्रावण सरत आला की मावळात जरबेराची फुलं पिकवणाऱ्यांच्या डोक्यात एकच विषय असतो, गणपती. आषाढात लग्नं नसतात त्यामुळे भाव पार तळाला गेलेला असतो आणि मग गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मंडपवाले, डेकोरेटर, घरगुती आरास करणारे सगळे एकदम मागायला लागतात. अशाच गडबडीत तळेगावच्या बाजूच्या एका शेतकरी दादांचा फोन आला. 20 गुंठ्यांचं पॉलिहाऊस, लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन व्हरायटी, लागवड दुसऱ्या वर्षातली, झाडं तब्येतीला चांगली, मर रोग नाही, लाल कोळी ही कीड आटोक्यात. अडचण एवढीच की माल दादरला पोचेपर्यंत ठीक असतो, दुकानात बादलीत लावला की दुसऱ्या दिवशी सकाळी माना, म्हणजे फुलाच्या लगेच खालचा दांडा, खाली. पाकळी टवटवीत, रंग छान, बुरशीचा डाग नाही, फक्त मान पडलेली. आडत्याने दोन पट्ट्यांमध्ये (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांमध्ये) भाव कापला आणि तिसऱ्या वेळी सांगितलं की असाच माल येणार असेल तर गणपतीत तुमचा नको.

दादांनी तोपर्यंत काय केलं होतं तर जे सगळे करतात तेच. दुकानातून कॅल्शियम आणून दोनदा फवारलं, मग बोरॉन मारलं, मग कुणीतरी सिलिकॉन सांगितलं ते आणलं. खर्च झाला, माना पडायच्या थांबल्या नाहीत. मी हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण "दांडा कमजोर आहे" म्हटलं की आपल्याकडे थेट खताच्या पिशवीकडे हात जातो, आणि दांडा मुळात कशामुळे ताठ उभा राहतो हे कुणी बघतच नाही. ते बघितल्याशिवाय औषध ठरवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर आधी दांड्याबद्दल. जरबेराच्या दांड्याला पानं नसतात, पेरं नसतात, बुडापासून फुलापर्यंत एकच सरळ कांडी आणि वर चांगलं वजनदार फूल. बऱ्याच व्हरायटीत दांडा मधून पोकळ असतो. ही कांडी उभी राहते ती दोन गोष्टींवर. पहिली गोष्ट पाणी. दांड्यातला मोठा भाग म्हणजे पातळ भिंतीच्या मऊ पेशी, त्याला पॅरेन्कायमा म्हणतात, आणि या पेशी पाण्याने गच्च भरलेल्या असल्या की आतून भिंतीवर दाब येतो आणि सगळा दांडा ताठ होतो, सायकलची ट्यूब हवेवर ताठ राहते तसं. पाणी कमी झालं की दाब गेला, दाब गेला की ताठपणा गेला. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीत बसलेला कठीण माल. पेशीची भिंत सेल्युलोजच्या धाग्यांची असते, त्यात हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन भरलेलं असतं आणि काही ठराविक पेशींमध्ये वरून लिग्निन बसतं. लिग्निन म्हणजे जे लाकडाला लाकूडपण देतं तेच. ज्या पेशींच्या भिंती जाड होऊन त्यात लिग्निन बसलंय त्यांचं कडं दांड्याच्या सालीच्या आतल्या बाजूने तयार होतं, त्याला स्क्लेरेन्कायमा म्हणतात. हे कडं एकदा नीट तयार झालं की पाणी थोडं कमी पडलं तरी दांडा उभा राहतो कारण आता तो फक्त पाण्याच्या दाबावर अवलंबून नाहीये.

जरबेराची खरी गोम इथे आहे. दांडा वाढतो तो शेवटपर्यंत वरच्या भागात वाढतो, म्हणजे फुलाच्या खालचा पट्टा सगळ्यात कोवळा. वाढणाऱ्या पेशीची भिंत ताणली जायला हवी आणि लिग्निन बसलेली भिंत ताणली जात नाही, त्यामुळे लांबी वाढणं थांबल्याशिवाय तिथे लिग्निनचं कडं बनायला सुरुवातच होत नाही. बुडाकडचा भाग जुना, तिथे कडं पक्कं. मधला भाग बरा. मान मात्र काढणीच्या दिवशीसुद्धा जवळपास नुसत्या पाण्यावर उभी असते. जरबेराचा दांडा बहुतेक वेळा फुलाच्या खाली साधारण 10 सेंटीमीटरवर वाकतो तो यामुळेच. आम्ही दादरहून परत आलेल्या बंचमधली फुलं पट्टी लावून मोजली तर जवळपास सगळी त्याच पट्ट्यात वाकलेली होती, बुडाशी किंवा मधे कुठेही नाही.

वाकणं कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा बघायला लागतं. फुलं बॉक्समध्ये आडवी ठेवून बराच वेळ गेला की जरबेराची मान वरच्या दिशेला वळते, कारण जिवंत दांडा जमिनीच्या उलट दिशेला वाढायचा प्रयत्न करत असतो. अशी फुलं बादलीत लावल्यावर हॉकी स्टिकसारखी दिसतात पण मान ताठ असते, तो पॅकिंगचा प्रश्न. इथे तसं नव्हतं. इथे फूल वजनाने खाली लोंबत होतं, काहींची मान गोल वळलेली आणि काहींची चक्क दुमडलेली, सालीला चुणी पडलेली. गोल वळलेल्यातली काही फुलं मी बाजूला काढली, बूड नव्याने कापून, कागदात सरळ गुंडाळून, स्वच्छ गार पाण्यात काही तास उभी केली तर त्यातली बरीचशी परत ताठ झाली. दुमडलेली एकही उठली नाही. याचा अर्थ असा की मेलेलं किंवा सडलेलं असं तिथे काही नव्हतं, पेशींना पाणी मिळत नव्हतं आणि पाणी नसताना मान धरून ठेवेल असं कडं तिथे नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

कडं नाही हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. ओळखीतल्या एका कृषी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये दांड्याचे काप करून बघितले. पद्धत जुनी आणि सोपी आहे, नव्या ब्लेडने दांड्याची आडवी, कागदाइतकी पातळ चकती काढायची, त्यावर फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब (घरी करायचं काम नाही हे, लॅबमध्येच), आणि जिथे लिग्निन आहे तिथे गडद गुलाबी-लाल रंग येतो. बुडाजवळची चकती मायक्रोस्कोपखाली ठेवली तर लाल रंगाचं सलग कडं, बांगडीसारखं पूर्ण. मधल्या चकतीत कडं होतं पण पातळ. मानेच्या चकतीत कडंच नव्हतं, फक्त ज्या नळ्यांमधून पाणी वर जातं त्या झायलमच्या जागी लाल ठिपके, गोलाकार रांगेत सुटे सुटे, आणि त्यांच्यामध्ये सगळा बिनरंगाचा मऊ गर. मग त्याच बेडवरचं पण झाडावर आणखी थोडे दिवस राहिलेलं, पूर्ण पक्व झालेलं लाल फूल घेतलं आणि त्याच्या मानेची चकती केली. त्यात ठिपक्यांच्या मधे लाल कमानी दिसायला लागल्या होत्या, कडं पूर्ण नव्हतं पण जुळत आलं होतं. झाड तेच, खत तेच, पाणी तेच. फरक फक्त वयाचा. दादांनी स्वतः डोळा लावून बघितलं आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यांना पटलं ते त्या दोन चकत्यांमुळे, माझ्या बोलण्यामुळे नव्हे.

आता प्रश्न असा की कोवळी फुलं तोडली का जात होती. उत्तर साधं आहे, मागणी. गणपतीच्या तोंडावर रोजचे बंच पूर्ण करायचे म्हणून बायका तोडणी करताना जरा उघडलं फूल की काढत होत्या. जरबेराचं फूल दिसायला पाकळ्या पसरल्या की पूर्ण झाल्यासारखं वाटतं पण पक्वता पाकळीवर ठरत नाही, ती फुलाच्या मधल्या गोल भागावर ठरते. हा गोल भाग म्हणजे शेकडो छोटी फुलं असतात आणि ती बाहेरून आत उमलत जातात. बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलून परागकण दिसायला लागले की फूल काढणीला आलं. इथे परत आलेल्या मालात बहुतेक फुलांची एकच ओळ जेमतेम उमललेली होती आणि काहींची तीसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट बुडाची. जरबेरा कापत नाहीत, हाताने बाजूला वाकवून ओढून काढतात, कारण कापला तर मागे राहिलेलं खुंट सडून गड्ड्यात रोग जातो. ही पद्धत बरोबर आहे. पण ओढून काढलेल्या दांड्याला खाली जो जाडसर, तांबूस बुडखा येतो तो पाणी ओढत नाही, तिथल्या नळ्या फार अरुंद आणि आजूबाजूचा भाग कठीण झालेला. म्हणून पाण्यात ठेवण्याआधी खालचा 2 ते 4 सेंटीमीटर भाग तिरका कापून टाकायचा असतो. दादांकडे तो कापत नव्हते. का, तर दांड्याच्या लांबीवर ग्रेड लागते आणि तीन सेंटीमीटर कापले की काही बंच खालच्या ग्रेडला जातात. त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे, पण मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, जे कठीण ऊतक मानेत असायला हवं ते तिथे नाही, आणि तसंच कठीण ऊतक बुडाला इतकं आहे की पाण्याची वाट अडते. म्हणजे मान पूर्णपणे पाण्यावर अवलंबून आणि पाण्याचा नळ खालून बंद. दांडा मजबूत हवा म्हणजे सगळीकडे लिग्निन हवं असं नाही, कुठे किती हवं हा प्रश्न असतो.

तिसरी गोष्ट बादली. शेडमधल्या बादल्या रोज नुसत्या विसळल्या जायच्या, आतून हात फिरवला तर भिंतीला बुळबुळीत थर. तो थर म्हणजे बॅक्टेरिया आणि त्यांनी सोडलेला चिकटा. ते दांड्याच्या कापलेल्या तोंडाशी जाऊन झायलमच्या नळ्या बुजवतात आणि फूल पाण्यात उभं असून तहानलेलं राहतं. त्यात दादांच्या घरातल्या कुणीतरी फुलं टिकावीत म्हणून बादलीत साखर टाकायला सुरुवात केली होती. साखर तशी वाईट नाही, फुलाला ती लागते आणि भिंतीत माल भरायलाही तिचा उपयोग होतो, पण जंतुनाशक नसलेल्या पाण्यात साखर म्हणजे बॅक्टेरियाला पंगत.

इथपर्यंत आलो तेव्हा दोष कुणाचा, कोवळ्या मानेचा की पाण्याचा, हे वेगळं करून बघायचं ठरवलं. एकाच सकाळी एकाच बेडवरची लाल फुलं घेतली, अर्धी नेहमीसारखी कोवळी आणि अर्धी दोन-तीन ओळी उमललेली. दोन्हीचे परत दोन भाग केले. एक भाग नेहमीच्या बादलीत, बूड न कापता. दुसरा भाग घासून धुतलेल्या बादलीत, बूड कापून, क्लोरीनच्या पाण्यात. चारही बादल्या शेडच्या एकाच कोपऱ्यात, वर पत्रा, ऊन नाही, फुलांवर पाणी मारायचं नाही. कोवळी फुलं आणि जुनी बादली, यांच्या माना दुसऱ्या दिवशी सकाळी पडायला लागल्या, अगदी दादरहून तक्रार यायची तशाच. पक्व फुलं आणि जुनी बादली, ही त्यापेक्षा बरीच जास्त टिकली, नंतर हळूहळू झुकायला लागली पण दुमडली फार कमी. कोवळी फुलं आणि स्वच्छ बादली, ही सुरुवातीला छान ताठ होती आणि दादांना वाटलं की झालं काम, पण ती बादलीतून काढून बंच बांधून एक रात्र कोरडी ठेवली आणि परत पाण्यात लावली तेव्हा त्यातल्या बऱ्याच माना गेल्या. आणि पक्व फुलं स्वच्छ बादलीत, तीही अशीच रात्रभर कोरडी ठेवली, ती जवळपास सगळी उभी राहिली.

हा तिसरा गट मला सगळ्यात बोलका वाटतो. प्रवासात फूल कोरडं असतंच, तळेगाव ते दादर शंभर किलोमीटरच्या वरचं अंतर, संध्याकाळी बंच बांधून टेम्पोत, पहाटे बाजारात, मग तिथे खोलून परत बादलीत जाईपर्यंत कितीतरी तास. या वेळात पाकळ्यांमधून पाणी उडत राहतं आणि दाब कमी होतो. कडं तयार असलेली मान हा काळ काढते, कडं नसलेली मान काढू शकत नाही. एकदा मान थोडी झुकली की फुलाचं वजन दांड्याच्या रेषेच्या बाहेर जातं, जितकं बाहेर तितका वाकवणारा जोर जास्त, आणि जोर वाढला की आणखी झुकतं. म्हणूनच रात्री बऱ्यापैकी दिसणारी फुलं सकाळी एकदम पडलेली दिसतात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी 2012 साली जरबेराच्या याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं होतं, त्यांचाही निष्कर्ष हाच की वाकण्याचा संबंध पाण्याच्या ताळमेळाशी आणि स्क्लेरेन्कायमा तयार न होण्याशी आहे, दांड्याची पोकळी मोठी होण्याशी किंवा दांडा लांबण्याशी नाही. आपल्याकडे "दांडा पोकळ झालाय म्हणून पडतो" असं सर्रास बोललं जातं, ते सोडून द्यायला हरकत नाही.

मग खताचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो लगेच दिसत नाही आणि दुकानात सांगतात तसा नाही. दादांचं शेड्युल बघितलं तर फुलं कमी पडतायत म्हणून जुलैपासून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) वाढवलेलं होतं आणि मधेमधे युरिया. 19:19:19 मधला नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतो. नत्र जास्त झालं की झाड पानं आणि मऊ वाढ करतं, पेशी मोठ्या आणि भिंती पातळ, आणि जी साखर लिग्निनमध्ये जायची ती वाढीत खर्च होते. लिग्निन बनवणं झाडाला महाग पडतं, त्याला भरपूर कार्बन लागतो, आणि कार्बन येतो उजेडातून. मावळात जुलै-ऑगस्टमध्ये उजेड असतो कुठे, दिवसचे दिवस ढग. आणि इथे त्यावर कडी म्हणजे एप्रिलमध्ये उन्हासाठी ओढलेली आतली शेडनेट तशीच ओढलेली होती, वरच्या प्लास्टिकवर धूळ आणि हिरवट शेवाळ. आत उभं राहिलं की बाहेरच्या ढगाळ दुपारपेक्षाही अंधार. अशा वेळी झाडाला नत्र वाढवून देणं म्हणजे लांब, पाणीदार, कोवळे दांडे मागून घेणं.

कॅल्शियमबद्दल दोन शब्द जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं, पेशी पेशीला चिकटून राहते ती त्यामुळे, म्हणून दांड्याच्या ताकदीत त्याचा वाटा नक्की आहे. पण ते लिग्निनची जागा घेत नाही. आणि ते झाडात फिरतं फक्त मुळाकडून वर, पाण्याच्या प्रवाहाबरोबर. पानावर मारलेलं कॅल्शियम पानातून निघून दांड्यात जात नाही, दांड्यावर जेवढं थेट पडेल तेवढंच. दांड्याला पानं नाहीत, त्यामुळे त्यातून पाणी उडतं ते पानांच्या मानाने कमी, आणि पावसाळ्यात बाजूचे पडदे बंद ठेवले की आतली हवा इतकी दमट की पाणी उडणं जवळपास थांबतं, मग कॅल्शियम वर ओढलं जाणार कसं. वर अमोनियम आणि पोटॅश जास्त असेल तर मुळाशीच ते कॅल्शियमला मागे सारतात. म्हणजे पडदे उघडून हवा खेळती करणं हे इथे फवारणीपेक्षा मोठं कॅल्शियमचं काम आहे. द्यायचं तर कॅल्शियम नायट्रेट ड्रिपमधून, आणि सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खताबरोबर एका टाकीत कधीही नाही, नाहीतर साका बसतो आणि ड्रिपर बंद.

बोरॉनचंही काम पेक्टिनच्याच बांधणीत आहे, पण कमतरता आणि जास्ती यातलं अंतर फार थोडं, माती-पानाचा रिपोर्ट नसताना मारू नये. सिलिकॉन भात-ऊस ही पिकं भरपूर उचलतात, जरबेरा तितकं उचलत नाही. काही प्रयोगांमध्ये त्याने दांडा जाड झालेला दिसलाय, त्यामुळे मी त्याला फालतू म्हणणार नाही, पण कोवळी तोडणी आणि घाण बादली यांवर तो उतारा नाही.

जाडीचं मात्र महत्त्व आहे आणि ते लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. कांडीचा वाकायला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे रचना तशीच ठेवून दांडा 5 मिलिमीटरऐवजी 6 मिलिमीटर झाला तर ताठपणा दुपटीच्या थोडा वर जातो. एका मिलिमीटरचा एवढा फरक. आणि कठीण कडं मध्यापासून जितकं लांब, सालीच्या जवळ, तितका त्याचा फायदा जास्त, त्यामुळे पोकळ असूनही दांडा चांगला मजबूत असू शकतो. उजेड आणि नत्राचा तोल सांभाळला की मिळतं ते हेच, थोडा जाड दांडा आणि वेळेवर तयार होणारं कडं.

काय बदललं ते सांगते. तोडणीचं काम वहिनींनी हातात घेतलं, त्यांनी बायकांना प्रत्येक व्हरायटीचं एकेक बरोबर फूल हातात देऊन दाखवलं की एवढ्या ओळी उमलल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिले दोन-तीन दिवस बंच कमी निघाले, त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली, मग आकडा परत जागेवर आला कारण फुलं काही पळून जात नाहीत, फक्त उशिरा निघतात. तोडणी सकाळी, दव उतरल्यावर, ऊन चढायच्या आत. बूड तिथल्या तिथे कापायचं, धारदार कटरने, कात्री बोथट असेल तर नळ्या चेपल्या जातात. बादल्या रोज ब्रशने घासून. पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट, बाजारात 4-5 टक्क्यांचं मिळतं त्याचं लिटरला 1 मिली म्हणजे साधारण 40 ते 50 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन होतं, रोज नवीन. विहिरीच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो, म्हणून पाण्याचा पीएच आधी थोडा खाली आणायचा, पण आम्ल आणि हायपोक्लोराइट मूळ बाटलीतलं एकमेकांत कधीच ओतायचं नाही, विषारी वायू निघतो, ही गोष्ट शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. पाणी बादलीत खोल भरायचं नाही, जरबेराचा दांडा लवदार आणि मऊ, खोल पाण्यात लवकर कुजतो, सात-आठ सेंटीमीटर पुरे. आणि फुलं जाळीच्या रॅकमध्ये वरून अडकवायची, म्हणजे फूल जाळीवर टेकतं आणि दांडा सरळ खाली लोंबत पाणी पितो. पॅकिंगच्या आधी असे निदान चार तास.

हा भाग लगेच लागू पडला, पुढच्याच खेपांना आडत्याचा फोन आला नाही, आणि फोन न येणं हीच तिथली पावती. गणपतीचा माल गेला, पट्टी बरी आली.

खताचा आणि उजेडाचा भाग मात्र वेळ घेतो. शेडनेट गुंडाळली, प्लास्टिक धुतलं, युरिया बंद, 19:19:19 कमी करून नत्राचा भार कॅल्शियम नायट्रेटवर आणला, पाऊस नसेल तेव्हा दिवसा बाजूचे पडदे उघडे. पण आज बेडवर जी कळी उभी आहे तिचा दांडा जुन्या खुराकावर बनायला लागलेला असतो, त्यामुळे याचा परिणाम नवरात्राच्या आसपास दिसायला लागला. दांडे हाताला भरीव लागायला लागले आणि लाल व पिवळ्या व्हरायटीत बोटाने टिचकी मारली तर फूल हलून परत सरळ येतं, आधी ते लवलवत राहायचं. मधल्या काळात कुणी "खत बदलूनही काही झालं नाही" म्हणून परत जुन्यावर गेला तर तो चुकतो. बादलीचा हिशेब दिवसांत आणि खताचा हिशेब आठवड्यांत करायचा असतो.

पांढऱ्या व्हरायटीने मात्र पूर्ण दाद दिली नाही. पक्व तोडलं, बूड कापलं, क्लोरीन दिलं तरी तिच्यात काही माना पडतातच. लॅबमध्ये तिचीही चकती बघितली, पूर्ण पक्व फुलाच्या मानेतसुद्धा लाल ठिपके सुटेच, कमानी नाहीत. फूल मात्र तिन्हींत मोठं आणि जड. हा व्हरायटीचा स्वभाव आहे, आपण त्यात फार काही करू शकत नाही. गुलाबातही असंच असतं, काही व्हरायटींची मान कळीच्या खाली पुरेशी पक्की होत नाही आणि पाणी जरा अडलं की वाकते. डेकोरेटर अशा फुलांच्या दांड्याला तार किंवा स्ट्रॉ लावून काम भागवतात, पण बाजारात मोकळा माल विकणाऱ्याला ते परवडत नाही. दादा आता पांढरा माल दादरला पाठवत नाहीत, जवळच पुण्यात गुलटेकडीच्या फुलबाजारात देतात, कोरडा प्रवास कमी.

जरबेराची लागवड एकदा केली की अडीच-तीन वर्षं तीच झाडं सांभाळायची असतात आणि टिश्यू कल्चरची रोपं काही स्वस्त नाहीत, 10 गुंठ्यांना सहा हजारांच्या आसपास रोपं लागतात. कॅटलॉगमध्ये फुलाचा व्यास असतो, रंग असतो, वर्षाला किती फुलं ते असतं, मानेबद्दल कुणी लिहीत नाही. त्यामुळे पांढऱ्याच्या जागी पुढची व्हरायटी निवडताना दादांनी ठरवलंय की ज्यांच्याकडे ती आधीपासून आहे त्यांच्याकडून पावसाळ्यातला एक बंच मागून आणायचा, रात्रभर कोरडा ठेवायचा, बूड कापून स्वच्छ पाण्यात लावायचा आणि आठवडाभर बघायचं. दोन नावं यादीत आहेत, त्यातल्या एकीचा बंच कामशेतच्या एका ओळखीच्यांकडून यायचाय. ऑर्डर त्यानंतरच.